ज्याची चाल, त्यानं मोजायचं

काशीनाथरावांनी आयुष्यात एकच कॅसेट काढली आणि तिच्या जोरावर अडतीस वर्षं मान मिरवला. शहाऐंशी साली परभणीच्या चार पोरांनी मराठी रॉक म्हणून जो धिंगाणा घातला, त्याची ती कॅसेट. कव्हरवर ठसठशीत छापलेलं, 'शब्द, चाल, गायन : काशीनाथ'. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, 'गिटार : सारंग'. पुढं काशीनाथराव कॉलेजात हेडक्लार्क झाले, तरी गॅदरिंगला पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांचीच.

आता पुण्याच्या एका कंपनीनं ती कॅसेट रिमास्टर करून, म्हणजे खरखर काढून लख्ख करून, मोठ्या तबकडीवर पुन्हा काढायचं ठरवलं. वर बोनस ट्रॅक, म्हणजे आधी न आलेली गाणीही हवी होती. काशीनाथरावांनी माळ्यावरची सरावाची कॅसेट न ऐकताच पाठवून दिली. ऐकायला घरात टेप होता कुठं! आळस नडतो तो असा.

आठ दिवसांनी कंपनीतल्या मैत्रेयीचा फोन आला. "काका, सरावाच्या कॅसेटवर शेवटच्या गाण्याआधी थोडं बोलणं आहे. सारंगकाका म्हणतायत, 'चाल माझी हाय म्हणून कुठं बोलू नको. अण्णांना कळलं तर घरात घेणार न्हाईत. तुझंच नाव टाक.' ठेवायचं की कापायचं?"

काशीनाथरावांचा चहा हातातच निवला. बोलणं खरं होतं. शब्द, चाली, सगळं सारंगचं. सारंगचे वडील अण्णा कीर्तनकार. "वाद्य वाजव, पण असल्या चालींना आपल्या घराण्याचं नाव नको," ही त्यांची अट. अण्णांचा राग शांत होईपर्यंत काशीनाथचं नाव लावायचं ठरलं होतं. पण ब्याण्णव साली मानवतच्या रस्त्यावर सारंग अपघातात गेला, आणि नंतर कुणी विचारलं नाही. न विचारता खरं सांगायला माणूस फार मोठा लागतो. काशीनाथराव तेवढे मोठे नव्हते.

"कापा," ते म्हणाले. "चेष्टा चालायची आमची."

कापलं. पण ते मनाला खात राहिलं. तबकडी आली तशी एक प्रत पिशवीत घालून ते सोनपेठच्या एसटीत बसले. सारंगची बायको निवेदिता तिथंच शाळेतून निवृत्त झालेली. तबकडी तिच्या हातात दिली की आपण सुटलो, असं त्यांना वाटलं.

"हे वाजवू कशावर मी?" निवेदिताबाई हसल्या. "मोबाईलवर असंल की. लावा बरं."

मोबाईलवर आलेली गाणी काशीनाथरावांनीही अजून ऐकली नव्हती. धीरच झाला नव्हता. त्यांनी पहिलं लावलं. गिटारच्या आधी, इतकी वर्षं खरखरीखाली दबलेला आवाज शेजारी बसून बोलावं तसा आला. "राम, कृष्ण, हरी, हां!"

निवेदिताबाईंनी पदर तोंडाला लावला. "हेच मोजायलेत!"

दुसरं गाणं. "राम, कृष्ण, हरी, हां!" तिसरं, चौथं, तेच. गाणं उचलायच्या आधी ताल मोजून देताना कीर्तनकाराच्या पोरानं वन-टू-थ्री कधी म्हटलंच नव्हतं. त्या रडत होत्या, मध्येच हसत होत्या. आठव्या गाण्याला मात्र त्यांनी डोळे पुसले आणि काशीनाथरावांकडं बघितलं.

"भावजी, आमच्या लग्नात तुमीच सांगितलं होतं मला. तुमच्या बँडचा कायदा. ज्याची चाल, त्यानं मोजायचं."

काशीनाथरावांनी मोबाईल उपडा ठेवला.

"मग यातली तुमची चाल कोणती?"

"एकबी न्हाई, वहिनी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कापलेलं बोलणंसुद्धा. निवेदिताबाई ओरडल्या नाहीत. भिंतीवर अण्णांचा फोटो होता, खिळ्याला त्यांच्या चिपळ्या. त्या तिकडंच बघत होत्या.

"अण्णा बारा साली गेले. शेवटी माणसं ओळखू येईनात, पण एक बोलणं सुटलं न्हाई. 'माझा सारंग मागं काहीच ठेवून गेला न्हाई.' रोज म्हणायचे. तुमी दर दिवाळीला यायचात. समोर बसून ऐकायचात. मान हलवायचात."

काशीनाथरावांना वर बघवेना. लाज वाटली, लय लाज वाटली. मोबाईलमध्ये नववं गाणं सुरू झालं. "राम, कृष्ण..." त्यांनी बंद करायला हात पुढं केला.

"राहू द्या," निवेदिताबाई म्हणाल्या. "आता तरी ह्यांना कापू नका."