द्रोख कुळातले नाव

रविवार, ९ मार्च २०२५. दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. त्या क्षणी नावांच्या नोंदवहीत १८६ नावे होती, आणि एकशे सत्त्याऐंशीवे होऊ द्यायचे नाही, असे ठरवूनच मी टेबलाशी बसलो होतो.

सात वर्षांपासून दर रविवारी माझ्या बैठकीच्या खोलीत आम्ही चौघे भूमिकांचा खेळ खेळतो. माझी मुलगी कथा चालवते. मी, कारखान्यातला माझा जुना फोरमन आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या केमिस्टबाई फासे टाकून त्या कथेतली माणसे जगवतो किंवा मारतो. त्या जगातले कोणतेही नाव माझ्या वहीतल्या तक्त्याबाहेर आणि नियमांबाहेर जात नाही. नावाचा पहिला तुकडा कूळ सांगतो, दुसरा जन्मस्थान, तिसरा भावंडांतला क्रम. माझा योद्धा गोरनदाक, म्हणजे गोर कुळातला, नद गावचा, थोरला. चौतीस वर्षे मी तपासणी विभागात काढली आहेत. भागाच्या क्रमांकावरून भाग ओळखता आला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.

जावई लिफ्टदुरुस्ती करतो. यंत्राला कान लावून दोष सांगतो आणि नियमपुस्तिका पान्याखाली टेकण म्हणून वापरतो. त्याला खेळात यायचे होते. मुलीने आदल्या दिवशीच फोनवर बजावले होते, "उद्या त्याचं नाव वहीत चढलं नाही, तर पुढच्या रविवारपासून आम्ही दोघंही येणार नाही. मग बसा फासे मोजत."

"बोला, जावईबापू," मी पेन उघडले. "नाव?"

"झ्राक्सथूल. काळोखाचा राजा."

"यातला एकही तुकडा तक्त्यात नाही. नामंजूर."

"वज्रदंत?"

"ते दंतमंजन झालं. नामंजूर."

केमिस्टबाई हसल्या. "माझ्याकडे दोन डब्या शिल्लक आहेत, हव्या तर."

"मग नुसतं 'बॉस' लिहा."

"तो मान तुमच्या घरी मिळवा. इथे नाही."

मुलीने कथेची फाइल टेबलावर आपटली. "बाबा, तुम्ही त्याला तक्ता दाखवलाच नाहीत! न शिकवता परीक्षा घेताय?"

"मागितला नाही त्यांनी."

"मागतो की," जावई म्हणाला आणि त्याने वही सरळ माझ्या हाताखालून ओढून घेतली. मला वाटले, दोन पाने चाळून कंटाळेल. तो मात्र बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेला. त्यात वीस मिनिटे गेली. मग त्याने माझेच पेन उचलून कोऱ्या कागदावर लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

द्रोखनदाक.

द्रोख कूळ, नद गाव, थोरला. खेळाच्या तिसऱ्या वर्षी याच द्रोखांनी पुलावर दगा करून गोरनदाकच्या बापाला मारले होते. त्यानंतर टेबलावर कोणी द्रोख घेतला नव्हता. तशी बंदी मात्र कुठेही लिहिलेली नव्हती.

"हे मुद्दाम केलंत," मी म्हणालो.

"हो, मुद्दाम. आणि तुमचा अकरावा नियम वाचूनच केलं. तक्त्याप्रमाणे बनलेलं नाव कोणालाही नाकारता येणार नाही. खाली सही तुमचीच आहे, बाबा."

मी वही परत घेतली. अकराव्या नियमाखाली ओळ आखली, तारीख घातली आणि बारावा नियम लिहिला: द्रोख कुळातील नाव यापुढे कोणत्याही खेळाडूस मिळणार नाही.

"आता नामंजूर," मी म्हणालो.

 फोरमनने चष्मा काढला.

"नग मोजून झाल्यावर ड्रॉइंगवरचं माप बदलायचं नाही. कोण म्हणायचं हे?"

"तो कारखाना होता."

"माझे चाळीस शाफ्ट भंगारात घातलेस तू. केसाएवढा फरक होता. माप थोडं सैल कर म्हणून तुझ्या टेबलापाशी उभा राहिलो, तर सगळ्यांसमोर म्हणालास, माप घेतल्यावर नियम बदलतो तो चोर. आता स्वतःला काय म्हणशील?"

"तुझे शाफ्ट चुकीचेच होते."

"होते! आणि याचं नाव बरोबर आहे. म्हणून तर तुझी आग होतेय."

  मी रागाने म्हणालो की वही माझी, तक्ता माझा, खोली माझी. ज्याला पटत नसेल त्याने उठावे.

"खोली तुमची," मुलगी थंडपणे म्हणाली. "खेळ चौघांचा. बारावा नियम मताला टाकते. मंजूर झाला, तर आम्ही दोघं आत्ताच निघतो. पडला, तर याचं नाव चढेल आणि वही आजपासून केमिस्टबाईंकडे राहील. हा अजून खेळाडू नाही, म्हणून याला मत नाही."

तिने माझ्याकडे पाहिले. विषय मिटवायला तिने मला पुरेसा अवधी दिला, हे मी नाकारत नाही. नियम खोडायला पेनाची एक रेघ पुरली असती. मी पेनाला टोपण लावले.

"नियमाच्या बाजूने कोण?"

मी हात वर केला.

"विरोधात?"

मत नसलेला जावई टेबलाखाली हात दाबून बसला होता. बाकीचे हात मी स्वतः मोजले. मोजणी दुसऱ्यावर सोपवण्याची मला सवय नाही.

बाजूने एक. विरोधात तीन.