नळीवरचा बाण

माझा स्वभाव तापट आहे हे मला ठाऊक आहे, आणि माझ्याबरोबर काम केलेल्यांना ते माझ्याही आधी कळलेलं आहे. काम माझं मातीचं. मनगटाएवढी जाड नळी जमिनीत ठोकायची, आत माती भरली की उपसून काढायची, प्रयोगशाळेत नेऊन उभी चिरायची आणि कुठला थर कशावर बसलाय ते पाहायचं. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. पंचवीस वर्षं मी याच एका गोष्टीवर पगार घेतला आणि याच गोष्टीत माती खाल्ली.

त्या गावाबाहेरच्या टेकाडाखाली एक जुनं नगर गाडलेलं होतं. ते कसं नष्ट झालं ते गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. वेशीच्या राखणदारानं राजावरचा राग काढायला शत्रूला दार उघडून दिलं, शत्रूनं नगर जाळलं, आणि एवढं पाप पाहून देवाला किळस आली म्हणून त्यानं नदी सोडून सगळी राख गाळाखाली झाकून टाकली. आधी आग, मग पाणी. मला असल्या गोष्टी आवडतात. आकाशातून आग बरसली म्हटलं की मी ज्वालामुखीची राख शोधते, नगर धरतीनं गिळलं म्हटलं की भूकंपाची भेग शोधते, आणि बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच. घडलेलं लोक विसरत नाहीत. दोष कुणाचा, तेवढं मात्र मागाहून चिकटवतात.

इथं तो एका घराण्याला चिकटला होता. त्या राखणदाराचे वंशज म्हणून गाव त्यांच्याकडे बोट दाखवायचं. कशावरून वंशज, असं विचारलं तर कुणाला सांगता यायचं नाही, पण नाव पक्कं होतं: दारउघडे. या घरातल्या कुणाला कधी पहारेकरी म्हणून ठेवलं नाही, कुठल्या गोदामाची किल्ली दिली नाही. शाळेत वर्गाचं दार उघडं राहिलं की मास्तर आधी त्यांच्या पोराकडे बघायचे आणि वर्ग हसायचा. थट्टाच ती, पण पिढ्यान् पिढ्या चाललेली.

आमच्या खोदकामाचा मुकादम याच घरातला. साठीला आलेला, सडपातळ, कमी बोलणारा. फावडं लागल्याच्या आवाजावरून खाली वीट आहे की नुसतं ढेकूळ ते सांगायचा आणि त्यात क्वचितच चुकायचा. वेशीच्या दाराची दगडी चौकट त्यानंच शोधून काढली होती. दाराची खीळ ज्या खोबणीत फिरायची तीही शाबूत होती, आणि खीळ ज्या बाजूला वळलेली होती त्यावरून दिसत होतं की शेवटच्या दिवशी दार उघडं होतं. हे कळल्यावर तो दिवसभर जेवला नाही, असं मजुरांनी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "ताई, दार कुणी उघडलं ते मातीत कळतं का हो?"

मी सांगितलं की मातीला माणसं ओळखता येत नाहीत. आग आधी आली की पाणी आधी, एवढं ती सांगेल. पाणी आधी आलं असेल तर शत्रूनं जाळायला तिथं नगरच उरलं नसणार.

"मग तेवढंच सांगा," तो म्हणाला.

ती नळी आम्ही वेशीच्या आतल्या खड्ड्यात ठोकली. माझा नियम असा की उपसलेली नळी फळीवर आडवी ठेवायची, डोकं, म्हणजे वरचं टोक, नेहमी आमच्या कामाच्या झोपडीकडे. डोक्याकडे लाल बूच, बुडाकडे काळं, आणि नळीवर डोक्याच्या दिशेनं बाण. त्या दिवशी लाल बुचं संपली होती, म्हणून दोन्हीकडे काळीच लावली. नळी वर आली तेव्हा मी झोपडीत आमच्या संस्थेच्या संचालकांशी फोनवर भांडत होते. त्यांना गावात होऊ घातलेल्या संग्रहालयाच्या उद्घाटनाआधी निकाल हवा होता. फोन आपटून बाहेर आले तर नळीवर मुकादमानं बाण काढून ठेवलेला, आणि तो झोपडीच्या उलट दिशेला. माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. मी बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, बाण पुसला आणि माझ्या हातानं उलटा काढला.

"ताई, डोकं तिकडंच आहे, ती फळी..."

"मुकादम, तुम्ही माती उपसा," मी म्हणाले. "वाचायची कशी ते मला शिकवू नका."

दहा-बारा मजूर उभे होते. तो फावडं उचलून खड्ड्यात उतरला. त्या आठवड्यात खड्ड्याला पाणी लागलं आणि काम थांबलं, त्यामुळे दुसरी नळी घेता आली नाही. आमच्या हाती तेवढी एकच होती.

प्रयोगशाळेत चिरली तर राख खाली आणि नदीचा गाळ वर. आधी आग, मग पाणी. संचालक खूश झाले. गावाच्या सभागृहात माझं व्याख्यान ठेवलं आणि मीही नटूनथटून गेले. जुनी गोष्ट शास्त्रानं खरी ठरवली, असं मी छाती फुगवून सांगितलं. देवाचा कोप म्हणजे पूर, पण त्याआधीची आग माणसानं लावलेली, आणि वेशीचं दार तर उघडंच सापडलंय. फोटो छापून आला. मी त्याची कात्रणं काढून ठेवली, आता लाज वाटते सांगायला. मुकादम शेवटच्या रांगेत बसला होता. व्याख्यान संपलं तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्यावर रागावलाय असं मला वाटलं, आणि तो रागावला म्हणून मी उलट त्याच्यावर रागावले. मी कसली माणूस आहे ते यावरून कळावं.

तो रागावला नव्हता. त्यानं माझं म्हणणं खरं मानलं होतं.

त्याच्या लेकीनं संग्रहालयात देखरेखीच्या कामासाठी अर्ज केला होता. शिकलेली, चुणचुणीत मुलगी. सकाळी दार उघडायचं, संध्याकाळी बंद करायचं, किल्ली जवळ ठेवायची. तिची निवड ठरल्यासारखीच होती. माझ्या व्याख्यानानंतर संग्रहालयाच्या समितीतल्या लोकांनी नाकं मुरडली. आता तर शास्त्रानंही सांगितलं म्हणाले, किल्ली दारउघड्यांच्या हाती कशी द्यायची? शेवटी तोडगा निघाला. उद्घाटनाच्या दिवशी मुकादमानं सगळ्यांसमोर घराण्याच्या वतीनं गावाची माफी मागायची, मग मुलीला काम मिळेल. समितीला यात आपला मोठेपणा दिसत होता. मुकादमानं होकार दिला.

उद्घाटनाला तीन आठवडे राहिले तेव्हा दालनात लावायला मी त्या गाळाचे पातळ काप करायला घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली पहिलाच काप ठेवला आणि माझं जेवण राहिलं ते राहिलंच. काचेच्या पेल्यात मूठभर माती टाकून पाणी ढवळलं तर खडे तळाशी बसतात, बारीक माती सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वर. पूरही असाच बसतो. माझ्या गाळात बारीक माती खाली होती आणि खडे वर. मी काप काढून परत ठेवला. मग दुसरा, मग तिसरा. खडे वरच.

जागेवर प्रत्येक नळीचा फोटो काढलेला असतो. तो शोधला. फळीचं डोक्याच्या बाजूचं रंगवलेलं टोक झोपडीकडे असायला हवं, ते विरुद्ध बाजूला होतं. ऊन लागून माती तडकू नये म्हणून मुकादमानं फळी फिरवून ताडपत्रीच्या सावलीत घेतली होती. त्याचं अर्धं राहिलेलं वाक्य मी तिथं बसून पूर्ण केलं. ती फळी मी फिरवलीय, ताई.

नळी सुलटी केली की सगळं सरळ होत होतं. नगराची जमीन, तिच्यावर पुराचा गाळ, आणि त्या गाळाच्या वर राख, तीही बहुतेक बोरूची, मागाहून कुणीतरी रान जाळलेलं. वर कुठेतरी डोंगराची दरड नदीत कोसळली असेल, पाणी तुंबलं असेल आणि एका दिवशी फुटलं असेल. जाळायला नगरच नव्हतं. राखेतला कोळसा वय काढायला पाठवलेला होता, त्याचा निकाल यायचा होता, आणि तो आल्याशिवाय बोलू नये असं मी स्वतःला बजावलं. खोटं होतं ते. निकालाची गरज नव्हती. मला फक्त तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

तरी एकदा त्याच्या घरी गेले. सांगायलाच गेले होते. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, दाराला बाहेरून आणि आतून दोन-दोन कड्या. मुकादम खिडकीजवळ उभा राहून कागदावरून माफीचं भाषण पाठ करत होता आणि लेक समोर बसून त्याला चुका सांगत होती. "आमच्या पूर्वजांच्या हातून" याच्यापुढे तो दर वेळी अडखळायचा. मला बघून ओशाळला. शर्ट इस्त्रीला दिलाय म्हणाला, आणि बनियनवर असल्याबद्दल माझीच माफी मागितली. मी चहा प्यायले. वाक्यं छोटी करा, म्हणजे अडखळणार नाही, असा त्याला सल्ला दिला. खरंच दिला. आणि परत आले.

उद्घाटनाला गाव लोटलं होतं. आत भिंतीवर माझ्या नळीचं मोठं चित्र, राख खाली, गाळ वर. संचालक बोलले, समितीचे अध्यक्ष बोलले, मग मुकादमाला बोलावलं. इस्त्रीच्या शर्टात तो आणखीनच बारीक दिसत होता. कागद हातात होता, पण त्यानं तो उघडला नाही. माझ्या सल्ल्याप्रमाणे त्यानं वाक्यं छोटी केली होती.

"आमच्या पूर्वजांच्या हातून," तो म्हणाला, आणि थांबला. पहिल्या रांगेत त्याची लेक ओठ हलवून पुढचे शब्द सुचवत होती. मागे कुणीतरी खुसखुसलं.

मी उभी राहिले. धैर्य वगैरे काही नव्हतं. ते खुसखुसणं मला सहन झालं नाही, एवढंच. मी म्हणाले, थांबा, नळी उलटी होती. बाण मी चुकीचा काढला होता. पाणी आधी आलं, आग नंतर. या नगराला कुणी शत्रूनं जाळलेलं नाही. अध्यक्षांनी विचारलं, मग उघड्या दाराचं काय? शपथेवर सांगता येणार नाही, मी म्हणाले, पण पाणी येताना दिसलं तर राखणदार दार उघडेलच, माणसं बाहेर पडावीत म्हणून. 

मुकादमानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग त्यानं मला एकच प्रश्न विचारला.

"कधी कळलं, ताई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्याची लेकही. खरं सांगायला तीन शब्द पुरले असते. तीन आठवडे झाले.

"आज सकाळी," मी म्हणाले.

टाळ्या मला पडल्या. एवढ्या मोठ्या बाईनं भर सभेत स्वतःची चूक कबूल केली, असं लोक एकमेकांना सांगत होते. अध्यक्षांनी मला हार घातला आणि मी मान खाली घालून तो घेतला, ती लोकांना नम्रता वाटली. बाहेर मुकादमानं लेकीला माझ्या पाया पडायला लावलं. मी पाय मागे घेतले तर तिनं तेही विनयात मोजलं.

"बघ," तो तिला म्हणाला. "कळल्याबरोबर सांगितलं. मनात ठेवलं नाही."

किल्ली आता त्या मुलीकडे आहे. शाळेतली ती थट्टा बंद झाली की नाही ते मला माहीत नाही. झाली असावी. मुकादमाला मी नंतर अनेकदा एकटं गाठलं, दोनदा तोंडही उघडलं, आणि दोन्ही वेळा फावड्याबद्दल काहीतरी बोलून परतले.

पुढच्या हंगामात खड्डा कोरडा पडला तेव्हा आम्ही त्याच जागी दुसरी नळी ठोकली. ती वर आली, फळीवर आडवी ठेवली. या वेळी लाल बुचं भरपूर होती. मी खिशातून पेन काढून मुकादमापुढे धरलं आणि म्हणाले की बाण तुम्ही काढा. त्यानं पेन माझ्या हातात परत दिलं.

"तुम्हीच काढा, ताई," तो म्हणाला. "चूक कळल्यावर एक दिवससुद्धा लपवली नाहीत तुम्ही. आता बाण तुमच्याच हातचा असू द्या."

मजूर उभे होते, गेल्या वेळचेच बहुतेक. मी वाकले. लाल बूच समोर दिसत होतं, तरी डोकं कुठलं ते मी त्याला दोनदा विचारलं.