वीतभर कमी

तोंडात टाचण्या धरून ब्रिजिता स्टुलावर चढली आणि तिने संत जोसेफच्या छातीभोवती टेप घेतला. पाठीमागून पुढे आणताना त्याला जवळजवळ मिठीच मारावी लागली. गाल त्याच्या थंडगार खांद्याला टेकला, तसं तिला हसू आलं. गोराईला माहेरी ती पोरींचे फ्रॉक शिवायची, तेव्हा माप देताना एकेक पोरगी काय वळवळायची. हे गिऱ्हाईक गरीब. हात वर कर म्हटलं तर करणार नाही, पण हलणारही नाही.

माप तिला तोंडपाठ होतं. तरी तिने टेप परत सोडला, परत गुंडाळला. मग खाली उतरली, टाचण्या काढून उशीत टोचल्या, आणि चपला काढून पहिल्याच बाकावर पाय वर घेऊन बसली. शेजारी देवळाच्या बाजूच्या दाराची किल्ली ठेवली.

दुपारी देवळात कुणी नसायचं. मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास, फरशीवर रंगीत काचांचे लांबट तुकडे. मधूनच एखादं विमान कौलांवरून इतकं खालून जायचं की काचा थरथरायच्या. ते गेलं की पुन्हा शांत. शांतता तर घरातही होती. पण इथे कुणी तिला गप्प राहायला सांगितलेलं नव्हतं.

अंधेरीच्या त्या गावठाणातलं तिचं घर म्हणजे पुढची खोली, आतली खोली आणि मागे चिंचोळं स्वयंपाकघर. नवरा राफेल कारखान्यात रातपाळीला. सकाळी यायचा, पाव-अंडं खाऊन आतल्या खोलीत झोपायचा, आणि दिवेलागणीपर्यंत घरात भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. फोडणीसुद्धा दार ओढून घ्यायची. शिवणयंत्र दिवसभर बंद. राफेल वाईट नव्हता. झोपमोड झाली तर ओरडायचा नाही, नुसता उठून बसायचा आणि तांबारलेल्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत राहायचा. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं, असं ब्रिजिताला वाटायचं.

ट्रिझा, त्यांची अडीच वर्षांची मुलगी, बोलायला शिकली तीच कुजबुजत. पाणी हवं असलं तरी आईच्या कानाशी येऊन सांगायची, चहाडी केल्यासारखी. शेजारची एव्हलिन एकदा म्हणाली, काय शहाणं पोर गं तुझं, घरात आहे की नाही कळत नाही. ब्रिजिता तिच्यासमोर हसली. मग आत जाऊन घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसली.

आणि बाहेर जायचं तर दाराशी सासूची खाट. नतालिनाबाई दिवसभर तिथे बसून माळ ओढायच्या. कुठे चाललीस असं त्यांनी कधी विचारलं नाही. फक्त मण्यावरचं बोट थांबायचं. ते थांबलं की ब्रिजिता आपणहून सांगायची, पाव आणायला, नळावर, कपड्यांची दोरी पडली ती उचलायला. सांगून झालं की मणी पुढे सरकायचा.

राखेच्या बुधवारपासून उपासकाळ लागला आणि घर आणखीनच आवळलं. रेडिओवर टॉवेल पडला. सासूने चहा सोडला, उशी सोडली. राफेलने रविवारची बिअर सोडली. एव्हलिनकडे नवाकोरा रंगीत टीव्ही आला होता, तिने काळजावर दगड ठेवून त्याच्यावर चादर घातली आणि ते सगळ्या आळीला सांगितलं. देवळाच्या पायऱ्यांवर बायका एकमेकींना विचारायच्या, तू काय सोडलंस गं? ब्रिजिता म्हणायची, बघते, अजून ठरत नाही. खरंच ठरत नव्हतं. सोडावं असं हातात काय आहे, तेच तिला सापडत नव्हतं.

अशात देवळातली आच्छादनांची ट्रंक उघडली. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या रविवारी देवळातले सगळे पुतळे जांभळ्या कापडाखाली झाकायचे आणि थेट ईस्टरच्या रात्री उघडायचे, ही तिथली जुनी रीत. नव्या फादरना ती तेवढीशी पटत नव्हती, पण म्हाताऱ्यांपुढे त्यांचं काही चाललं नाही. ट्रंकेत बघितलं तर उंदरांनी आच्छादनांची चाळण केलेली. मिस्सा संपल्यावर सगळे त्यावर बोलत उभे होते, तेव्हा नतालिनाबाई म्हणाल्या, "आमची सून शिवते." सुनेकडे बघितलंसुद्धा नाही.

ब्रिजिताला राग आला होता. घरी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. तसंही कुणाला फरक कळला नसता. पण दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सासूने किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि ट्रिझाला खाटेवर ओढून घेतलं.

"देवाचं काम आहे. तोवर हिला मी बघते."

लग्न होऊन आल्यापासून 'मी बघते' हे शब्द ब्रिजिताने त्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

पहिली चूक खरोखरची चूक होती. जोसेफच्या हातातली लिलीची काठी तिने मापात धरलीच नाही. शिवलेलं आच्छादन वरून घालायला गेली, तर ते काठीवर अडकलं आणि बिचारा जोसेफ घाईघाईत सदरा घालताना अडकलेल्या माणसासारखा दिसायला लागला. कान लाल करून ती घरी निघाली. पण वाटेवरच्या वडाशी येईतो तिची चाल हळू झाली. परत माप घ्यायचं, म्हणजे परत यायचं. घरात शिरून तिने सासूला सांगितलं, उद्या पुन्हा जावं लागेल, आणि तोंड लपवायला वाकून ट्रिझाच्या पायातला नसलेला काटा शोधू लागली.

आज ती त्या दुसऱ्या मापासाठी आली होती. बाकावर बसल्या बसल्या तिला गोराईचा धक्का आठवला. होडी खाडीपल्याड असली की इथून हाक मारायची, गळ्यातून नाही, पोटातून. तिची हाक पहिल्या झटक्यात पोचायची. तिचा बाप म्हणायचा, या पोरीला सासर खाडीच्या काठचंच बघा, दुसरीकडे हिचा आवाज मावायचा नाही.

तिने दाराकडे बघितलं. ते लोटलेलं होतं. मग उभी राहिली.

"होडीऽऽ!"

हाक आल्तारापर्यंत गेली आणि वळून तिच्या अंगावर आली. घाबरून तिने तोंडावर हात ठेवला. जोसेफ, अंतोन, मरियामाय, कुणी हललं नाही. कुणी उठून बसलं नाही. तिने हात खाली घेतला आणि पुन्हा हाक मारली. या वेळी शेवटपर्यंत, श्वास संपेपर्यंत.

एकेक पुतळा होत गेला. शेवटी मरियामायच राहिली. तिच्यासाठी नमुना म्हणून जुनं आच्छादन सासूने घरी आणून खाटेखाली ठेवलं होतं. त्याच्या खालच्या काठाला त्याच कापडाची एक पट्टी जोडलेली होती, बारीक टाक्यांची. तेव्हा कापड पुरलं नसेल बहुतेक, असं म्हणून ब्रिजिताने ते घडी घालून परत ठेवलं होतं.

दिवे लागले, राफेल डबा घेऊन कामावर गेला, तशी तिने जमिनीवर जांभळं साटीन पसरलं. समोर खाटेवर सासू माळ ओढत होती. ट्रिझा कापडाच्या कडेला पोटावर पडली होती. हे एवढं कापलं की संपलं. येत्या रविवारी पुतळे झाकले जाणार, किल्ली फादरांकडे जाणार, आणि दुपार पुन्हा या खाटेच्या अलीकडे बसणार.

खडूची रेघ बरोबर होती. कात्री तिने वीतभर आत धरली. कात्री कापडातून सरळ चालत गेली.

त्या रात्री माळ घेऊन तेर्स म्हणताना तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. ईस्टरआधी पापं कबूल करायला कुमसारला जायचं, तर फादरना हे सांगायचं कसं, ते दहातल्या कोणत्या आज्ञेत बसवायचं? चोरी म्हणावी, तर कापड घरातच होतं. खोटं म्हणावं, तर ती अजून काही बोललेलीच नव्हती.

बोलायची वेळ दुसऱ्या दुपारी आली. आत राफेल घोरत होता. ब्रिजिता खाटेजवळ जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, मरियामायचं जरा आखूड झालंय वाटतं."

माळेवरचं बोट थांबलं.

"आण इकडे."

नतालिनाबाईंनी आच्छादन मांडीवर पसरलं. अंगठा आणि करंगळी ताणून त्या एका टोकापासून वीत टाकत निघाल्या, ओठ हलवत. शेवटच्या वितीला हात कापडाबाहेर, उघड्या खाटेवर पडला. तो त्यांनी तिथेच ठेवला.

"वीतभर कमी आहे."

"हो. माप चुकलं असेल."

"चुकलं?"

ब्रिजिता नखाने खाटेच्या पट्टीचा धागा उकलत राहिली. खोटं आता तोंडातून निघालं होतं, तेही उपासकाळात, तेही मरियामायच्या कापडावरून. आता किल्ली जाणार. आणि आळीभर होईल ते वेगळंच.

सासू वाकली आणि तिने खाटेखालचं जुनं आच्छादन ओढून काढलं. काठ उलटा करून ती पट्टी सुनेपुढे धरली.

"ही बघितली होतीस?"

"बघितली. तेव्हा कापड कमी पडलं असेल ना?"

"उरलं होतं." सासूचा आवाज श्वासाएवढाच होता. "एव्हलिनच्या सासूने उरलेल्याचा परकर शिवला. जांभळा परकर घालून मिरवायची सटवी. कापड कधीच कमी नव्हतं गं."

ब्रिजिता त्या बारीक टाक्यांकडे बघत राहिली. मग सासूच्या बोटांकडे. काहीतरी विचारायला तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात आत राफेल खोकला.

दोघी जागच्या जागी थिजल्या. सासूचा हात कापडावर अधांतरी, सुनेचा श्वास अर्ध्यावर. आतली खाट करकरली. कूस बदलली असावी. थोड्या वेळाने घोरणं पुन्हा सुरू झालं आणि दोघींनी एकाच वेळी श्वास सोडला. त्यांची नजरानजर झाली. राफेलचे वडीलही जन्मभर रातपाळीला होते. हे ब्रिजिताला माहीत होतं. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोखाली बसून सगळेच ते सांगायचे. आज मात्र तिने त्या फोटोकडे न बघता फोटोखालच्या बाईकडे बघितलं.

नतालिनाबाईंनी दोन्ही आच्छादनं घडी घालून बाजूला ठेवली.

"मग जा परत. माप नीट घे."

"हो."

"आणि हिला ने बरोबर. सारखी माझ्या कानात कुजबुजते, गुदगुल्या होतात मला."

ट्रिझाला कडेवर घेऊन ब्रिजिता उंबऱ्यापर्यंत गेली. मागून पुन्हा तो श्वासाएवढा आवाज आला.

"बाजूचं दार नुसतं लोटून ठेवू नको. आतून कडी घाल. रस्त्यावरच्या क्रुसापर्यंत ऐकू येतं."

ब्रिजिताने वळून बघितलं. सासूने डोळे मिटले होते. मणी एकामागून एक सरकत होते. थांबले नाहीत.

देवळात शिरल्यावर तिने कडी घातली. ट्रिझाला खाली ठेवलं. मुलगी आईच्या फ्रॉकला धरून एकेका पुतळ्याकडे मान वर करून बघू लागली. मग आईला खाली ओढून तिच्या कानाशी आली.

"हे सगळे झोपलेत?"

"नाही गं. जागे आहेत."

"ही पण?"

"मरियामाय? ती तर कधीपासून जागी आहे."

ब्रिजिताने तिला स्टुलावर उभं केलं, टेप गळ्यात घातला आणि आल्ताराकडे तोंड केलं.

"होडीऽऽ!"

हाक परत यायच्या आत ट्रिझाचा तळहात तिच्या तोंडावर बसला. गच्च. डोळे मोठे करून ती बंद दाराकडे बघत होती. दुसऱ्या हाताचं बोट तिने स्वतःच्या ओठांवर ठेवलं होतं, अगदी तसंच, जसं ब्रिजिता रोज ठेवायची.

ब्रिजिता हलली नाही. त्या छोट्या तळव्याला रव्याच्या खिरीचा वास होता. मग तिने तो हात हळूच काढला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. पुन्हा हाक मारली, आधी बारीक, मग थोडी मोठी, मग पुरती. बोटांखाली काहीतरी गुणगुणलं, तशी ट्रिझाने दचकून हात काढून घेतला. तिने तो उलटसुलट करून पाहिला. नंतर आपल्याच गळ्यावर ठेवला.

तिने एकदा दाराकडे बघितलं. एकदा मरियामायकडे. तोंड उघडलं. नुसती हवा आली.

ब्रिजिता टेपची दोन टोकं हातात धरून थांबली. माप अजून घ्यायचंच होतं.