रुखमाबाईंच्या हाताचं मीठ

रुखमाबाईंना मीठ मोजायला कधी चमचा लागला नाही. तीन बोटं बरणीत जायची, बाहेर यायची, आणि वरणात जेवढं पडायला हवं तेवढंच पडायचं. अमडापूरच्या त्या घरात चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि नवऱ्याच्या तेराव्याच्या स्वयंपाकातही त्यांचा हात चुकला नव्हता. म्हणून दिवाळीनंतर सून घरात आली आणि तिनं रांधलेल्या वरणाचा पहिला घास घेताच रुखमाबाईंनी ताट बाजूला सारलं, त्यात नाटक काही नव्हतं. वरण अळणी होतं.

सून पूनम, संग्रामपूरकडची, खारपाणपट्ट्यातली. तिकडे विहिरीचं पाणीच खारट, त्यामुळे बायका स्वयंपाकात नावापुरतं मीठ टाकतात, आणि ती सवय तिच्या बोटांत बसलेली. मुलगा गोविंदा हसला, बरणी ओढून त्यानं आपल्या वरणात मीठ घालून घेतलं, होईल हळूहळू बरोबर म्हणाला. रुखमाबाई हसल्या नाहीत. सुनेची पहिली चूक सासू लोणच्यासारखी जपते. मुरली की तिला जास्त गोडी येते.

"मीठ टाकाले जिवावर येते काय व तुह्या?"

"आमच्याकडं ते पाण्यातच राह्यते, आत्याबाई," पूनम म्हणाली. उलट उत्तर नव्हतं ते, पण रुखमाबाईंनी ते उलट उत्तर म्हणूनच ठेवून घेतलं.

संक्रांतीच्या आधी कुठल्याशा संस्थेची माणसं शाळेत आली आणि त्यांनी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा पाडून दाखवला. तीस वर्षांनी इथला पाऊस चार दिवसांत पडून वाहून जाईल, विहिरी खोल खोल जातील, आणि तळाला जे उरेल ते खारं असेल, असं त्यांचं म्हणणं होतं. नकाशावरचा पिवळा रंग पूर्णा नदीच्या बाजूनं घाट चढून वर आला आणि अमडापूरवर येऊन थांबला.

"तीस सालानं?" रुखमाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तवा मी कुठी राहीन!"

शाळा खो खो हसली. पूनम तेवढी हसली नाही. माहेरचं माणूस अचानक दारात दिसावं तशी ती त्या पिवळ्या रंगाकडे बघत होती.

त्यानंतर, त्यांच्या हिशेबानं पंधरा दिवसांनी, रुखमाबाईंच्या लक्षात आलं की गोविंदाचा हात बरणीकडे जात नाही. तो पूनमचं वरण चवीनं ओरपत होता, वर आणखी मागत होता. रुखमाबाईंनी बोट बुडवून चाखलं. तसंच, अळणी. बायको आली की पोरांची जीभसुद्धा फितूर होते, असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी चूल परत आपल्या ताब्यात घेतली, फोडणी दिली, तीन बोटांनी मीठ टाकलं. गोविंदानं पहिला घास तोंडातून बाहेर काढला.

"माय, येवढं मीठ? खारट विख झालं हे."

पूनमनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. रुखमाबाईंनी स्वतः चाखून बघितलं. वरण नेहमीसारखं होतं, कणभरही कमीजास्त नव्हतं. दोघांनी मिळून त्यांना खोटं पाडायचं ठरवलेलं दिसत होतं.

त्या रागारागानं विहिरीवर गेल्या, बादली शेंदली आणि ओंजळीनं प्यायल्या. पाणी गोड होतं, नवरी होऊन आल्या त्या दिवशी होतं तसंच. शेजारची चांदबी हंडा भरत होती. दोघींनी एकाच विहिरीचं पाणी पिऊन लेकरं वाढवली होती.

"चांदबी, पाणी कसं लागते व तुले?"

"खारं," चांदबी दोराकडे बघत म्हणाली. "पयलेपासून खारंच तं हाय."

"पयलेपासून? अवं, चिखलीहून पाहुणे येत अन् लोटे भरभरून पेत!"

चांदबीनं हंडा कमरेवर घेतला आणि ती निघून गेली. मग रुखमाबाईंना काठाच्या दगडांवर जमलेला पांढरा थर दिसला. लिंबाच्या झाडाची पानं कडेनं करपली होती. त्यांनी तो पांढरा थर नखानं खरवडून जिभेवर ठेवला, तर त्याला काहीच चव नव्हती. त्यांना भीती वाटली. आणि भीती वाटली की त्यांना राग यायचा. ही पीडा पूनमनं माहेराहून पदरात बांधून आणली होती, दुसरं काय?

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकी माहेरी जातात. ही गेली की परत आणायची नाही, म्हणजे घरही आपलं आणि पाणीही आपलं, असं त्यांनी पक्कं केलं आणि एका सकाळी गोविंदाला बजावलं, "आखाजीले इले पोचवून दे. आणाले जाऊ नको."

तो दोरी वळत होता. हल्ली तो त्यांना उत्तर देत नसे. रुखमाबाईंनी तेच पुन्हा, ओरडून सांगितलं. गोविंदानं मान वर केली, त्यांच्यावरून नजर फिरवत तो चुलीपुढच्या पूनमकडे वळला.

"काही म्हणली काय व तू?"

"नाही," पूनम म्हणाली.

रुखमाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटचं पोर खाल्ल्या मिठाला जागलं नाही.

आखाजीच्या सकाळी पूनमची पिशवी भरलेली नव्हती. ती पुढच्या खोलीत पितरांची घागर मांडत होती. या घरात दरवर्षी एकच घागर भरली जाई, रुखमाबाईंच्या नवऱ्याच्या नावानं. आज पाटावर दोन होत्या. पूनम वाकली तेव्हा तिच्या कानामागं पांढरी बट दिसली. पीठ लागलं असेल, असं रुखमाबाईंना वाटलं. दोन्ही घागरींपुढं तिनं पानं वाढली. मग बरणी उघडून दुसऱ्या पानातल्या वरणात तिनं तीन बोटांनी मीठ टाकलं.

"येवढं?" दारातून गोविंदानं विचारलं.

"त्यायले लागे येवढं," पूनम म्हणाली. "आपलं त्यायले अळणी लागे."

दोघांनी पाटापुढं डोकं टेकलं आणि दार लोटून घेऊन दोघंही अंगणात गेली. रुखमाबाई बराच वेळ उभ्या होत्या. आपण शेवटचं कधी जेवलो, ते त्यांना आठवेना. त्या दुसऱ्या पानापुढं बसल्या, वरणभात कालवला आणि घास घेतला.

किती तरी दिवसांनी मीठ अगदी बरोबर पडलं होतं.