तांब्याची तार

मी साहेबरावांची मोटारसायकल बोलतेय. जन्म एक्याऐंशी सालचा. मला घडवणारा कारखाना कधीच बंद पडला, तरी मी इस्लापुरात अजून रस्त्यावर आहे.

साहेबराव आरोग्य खात्यात होते. लसींची पेटी मागे बांधून आम्ही आसपासच्या वाड्या-तांडे पालथे घातले. आयांना लांबूनच कळावं म्हणून त्यांनी आपल्या हातानं मला मोठा भोंगा बसवला. तो वाजला की बायका जमायच्या आणि लेकरं पळत सुटायची.

माझं दुखणंखुपणं स्टँडजवळचा केरबा मिस्त्री बघायचा. साहेबरावांचा सकाळचा चहा वीस वर्षं त्याच्याच बाकावर झाला.

तीन वर्षांमागं माझा फ्यूज उडू लागला. नवा टाकला की दोन दिवसांत पुन्हा तेच. केरबा म्हणाला, "दादा, आत कुठंतरी वायर घासून राहिली. चार दिवस गाडी ठेवा, हुडकतो."

साहेबरावांना तेवढा दम कुठला! दुसऱ्या दिवशी बायकोला, सरजाबाईंना, सहस्रकुंडचा धबधबा दाखवायचं ठरलं होतं. त्यांनी घरीच फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली.

फ्यूजचं काम म्हणजे वेळेवर जळणं. ही तार काही जळेना. मग माझ्या आतल्या वायरी जळाल्या. वाटेत सीटखालून धूर निघाला. सरजाबाईंनी घाबरून उडी टाकली आणि त्यांचं मनगट मोडलं.

"कुणी केलं हे काम?" जमलेल्या लोकांनी विचारलं.

"केरबानं," साहेबराव बोलून गेले.

तो एक शब्द गावभर झाला. केरबा भांडायला आला नाही. साहेबरावांनी स्टँडची वाट सोडली. मला अंगणात ताडपत्रीखाली उभं केलं. खरं काय ते मला माहीत होतं, पण मला कोण विचारणार?

यंदा सुट्टीत लेक आली, लुंबिनी. ती नांदेडला आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला शिकवते. तिनं ताडपत्री काढली, फ्यूजची डबी उघडली आणि थांबली.

"बाबा, केरबाकाका असली तार लावणार न्हाईत. कुणी लावली?"

सरजाबाई शेजारी डाळ निवडत होत्या. साहेबरावांनी ती तार बोटानं चाचपली.

"म्याच लावली."

सरजाबाईंचा हात सुपात थांबला. "तीन वर्षं मी त्या माणसाला शिव्या देऊन राहिले. माझं मनगट तर बरं झालं. त्याच्या नावाचं काय?"

लुंबिनीनं जळक्या वायरी बदलल्या. मग हेडलाइट लावून फ्यूजच्या जागी एक छोटा दिवा जोडला. तो मिणमिणत होता. "बाबा, हँडल डावीकडं घ्या." घेतलं, तसा दिवा लख्ख पेटला! म्हणजे वीज तिथंच कुठंतरी मधेच गळत होती. भोंग्याच्या पट्टीखाली एक वायर चेपून सोलली गेली होती.

"हे बी माझंच काम," साहेबराव म्हणाले.

वायर नीट झाली, नवा फ्यूज बसला, दुसऱ्या किकला मी सुरू झाले. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

सकाळी आम्ही थेट केरबाच्या दुकानासमोर उभे राहिलो. स्टँडवर माणसं होती. साहेबराव सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "केरबा, तार म्या लावली होती. तुझं नाव घेतलं ते खोटं होतं. चुकलं माझं."

केरबा एका स्कूटरचा नट आवळत होता. नट पुरता आवळून झाल्यावरच तो उठला. त्यानं माझी सीट उचलून नवा जोड न्याहाळला.

"काम चांगलं झालं. कुणी केलं?"

"लुंबिनीनं."

"मग हरकत न्हाई. तुमी नका हात लावत जाऊ." आणि त्यानं दोन चहा सांगितले.

आता मी रोज सकाळी त्या बाकाशेजारी उभी असते. माझं एकच मागणं आहे: गाडीचा फ्यूज उडाला तर त्याच्यावर चिडू नका, चार दिवस गाडी ठेवा.

सरजाबाई अजून माझ्यावर बसत नाहीत. परवा मात्र जाता जाता पदरानं मागची सीट पुसून गेल्या.