बोली ऐकायला तिसरं माणूस

“थांब बाबा, दाबू नगंस.” अंजनाने माझ्या मुलाचा, वीरेशचा, माऊसवरचा हात धरला.

गेवराईत आमच्या किराणा दुकानाच्या कोपऱ्यात त्याने तेव्हा नुकतेच इंटरनेट सुरू केले होते. अंजना तलवाड्याकडची, मेंढरांमागे फिरणारी. तिची लेक सुकन्या बारावी झालेली. नर्सिंगच्या निवडीची यादी बघायला दोघी आल्या होत्या. यादीच्या आधी पडद्यावर बारीक इंग्रजी मजकूर आला, आणि खाली एक चौकोन: अटी मान्य आहेत.

“काकू, ह्ये कुनीच वाचत न्हाई,” वीरेश म्हणाला. “टिचकी मारायची अन् फुडं जायाचं. लाइट जाईल आता.”

“जाऊ दे. कुनाच्या वावरात खतासाटी मेंढरं बसवायची म्हनलं तरी आदी बोली व्हती. किती राती, किती ज्वारी. ऐकायला तिसरं मानूस लागतं. हितं तर लेकीचं हाय.” तिने आत हाक मारली. “मावशी, भाईर या जरा. मधी बसा.”

हाताचे पीठ झटकत मी स्टुलावर येऊन बसले.

“घ्या, आई साक्षीदार,” वीरेश हसला.

मग तो आणि सुकन्या मिळून एकेक ओळ लावू लागले. अडेल तिथे डिक्शनरी. प्रत्येक ओळीला अंजना “हं” म्हणे. शेवटाकडे सुकन्या थबकली.

“आये, निवड झाली तर आठ दिसांत कागदं घेऊन बीडला जायाचं. टपालानं पत्र येनार न्हाई. न्हाई गेलं तर जागा दुसरीला.”

वीरेशचे हसू गेले. दोनच दिवसांत मायलेकींचा कळप बालाघाटाच्या डोंगराकडे निघायचा होता. पत्र आले तर पोस्टमन ठेवून घेईल, असे त्या धरून चालल्या होत्या.

“आन् मेंढरं?” सुकन्याने हळूच विचारले. “तुज्या एकटीनं वळत्याल का?”

“त्ये माजं मी बघते. बोली तुला मान्य हाय का, तेवढं बोल.”

“हाय.”

“मंग तूच दाब.”

सुकन्याने माऊस धरला. बाण चौकोनाभोवती जरा भटकला, मग बसला. यादी वरून खाली सावकाश उघडत गेली. तिचे नाव पार तळाशी होते, पण होते.

अंजनाने पडद्याकडे नाही, माझ्याकडे पाहिले. “ऐकलंत न्हवं, मावशी?”

“ऐकलं,” मी म्हणाले.

कळप आमच्या दारावरून गेला तेव्हा सुकन्या बीडला पोचली होती. मेंढरांमागे अंजना एकटीच होती. तिच्या एका हातात तिची काठी होती, दुसऱ्या हातात लेकीची, आणि दोन्ही बाजूंनी ती मेंढरे वळवत चालली होती.