बत्तीस रामराव

शनिवारचा शेवटचा तास चित्रकलेचा ठेवायचा की शिष्यवृत्तीच्या गणिताला द्यायचा, हे ठरवायला रामराव येणार होते. भोकरदन तालुक्यातल्या त्या शाळेच्या समितीचे ते अध्यक्ष. चित्राशी त्यांचा संबंध एवढाच, की दर सणाला चौकातल्या बॅनरवर त्यांचा फोटो असे. साधना मॅडमचा मात्र त्या तासावर भारी जीव. आठवडाभर नुसती हजेरी देणारी पोरं त्या एका तासात माणसांत येतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

चित्रं तळहाताएवढी. जाड कागद कोण देणार? म्हणून मॅडमनी गावातल्या जुन्या लग्नपत्रिका गोळा करून कापल्या. त्यावर साडीची चिंधी, खताच्या गोणीचा तुकडा, कापूस, वरून रंग; थरावर थर. पत्रिकांवरचे देव पोरांनी आधीच कापून बाजूला ठेवले, कारण देवावर डिंक लावायला कुणी धजेना. निमंत्रकांच्या यादीवर मात्र सगळ्यांनी बिनधास्त चिकटवलं. तिथेच घोटाळा झाला.

गावात रामरावांच्या नावाशिवाय पत्रिका छापलीच जात नसे. नाव नसलं तर ते मांडवात येत, पण जेवत नसत. आणि न जेवलेले रामराव पुढे पाच वर्षं पुरत.

सातवीतल्या पायलचं चित्र सगळ्यांत देखणं होतं. वर कापसाचे ढग, खाली हिरव्या चिंधीचं रान, आणि रानाच्या फटीतून डोकावणारं ‘रामरा’. शनिवारी वर्गात आलेल्या अध्यक्षांनी ते बघायला चष्मा लावला.

“हे आमचं नाव हाये का, मॅडम?”

“हो. तो सगळ्यांत खालचा थर. पाया म्हणून.”

“पाया कुणाला दिसून राह्यला? नाव वर घ्या. मंग तास बराबर ठेवू.”

मॅडमना राग आला, चांगलाच आला. पण त्यांनी उरलेल्या पत्रिकांतून बत्तीस रामराव कापले आणि वर्गात वाटले. पोरांनी ते आभाळात, झाडावर, जागा मिळेल तिथे डकवले. पायलच्या ढगांवर मात्र ते नाव मॅडमनी स्वतःच्या हाताने चिकटवलं. तेव्हा पोरीच्या तोंडाकडे बघणं त्यांना जमलं नाही.

रामरावांनी एकेक चित्र वाचून काढलं. ते खूश झाले. तास राहिला.

ते दाराशी चपला घालत असताना पायलने हळूच विचारलं, “मॅडम, ह्याच्यावर अजून एक थर दिला तर चालतंय का?”

साधना मॅडमनी डिंकाची बाटली तिच्याकडे सरकवली आणि अध्यक्षांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या.